चर्चागटात सामील होताना आपला ईमेल पत्ता स्पॅमपासून कसा सांभाळावा?

रानवाट (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. गेली पंधरा वर्षे माझा एकच ईमेल पत्ता आहे. भाषांतर, जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती, पक्षिनिरीक्षण अशा आठ-नऊ ईमेल चर्चागटांत मी वेळोवेळी सामील झाले आणि प्रत्येक ठिकाणी हाच पत्ता दिला, कारण त्यात काही जपण्यासारखे आहे हे तेव्हा लक्षातच आले नव्हते. आज सकाळी स्पॅमच्या फोल्डरमध्ये एका रात्रीत आलेली एकशे चौदा पत्रे होती. कर्जाची आमिषे, न मागवलेल्या पार्सलची ‘शेवटची सूचना’ आणि एक धमकीचे पत्र, जे पाठवणाऱ्याच्या जागी माझाच पत्ता लावून मला आले होते.

एवढ्यावर निभावले असते तर हा प्रश्न विचारला नसता. गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी एका मोठ्या भाषांतराच्या कामाविषयी विचारणारे पत्र पाठवले होते. ते या ढिगाऱ्यात जाऊन पडले आणि मला सापडले तेव्हा सत्तावीस दिवस झाले होते. तीस दिवसांनी तो फोल्डर आपोआप रिकामा होतो, म्हणजे आणखी तीन दिवसांनी ते पत्र आले होते हेदेखील मला कधी कळले नसते. काम अर्थातच दुसऱ्या कोणाकडे गेले.

माझे प्रश्न दोन आहेत. नव्या गटात जाताना कोणता पत्ता द्यावा? आणि जो पत्ता आधीच सगळीकडे पसरला आहे, त्याचे काय करावे?

केवडा (सोमवार, रात्री १०:०५)

रानवाटताई, पहिल्या प्रश्नाला सोपे उत्तर आहे. जीमेलसह अनेक सेवांत आपल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी पत्र आपल्याच इनबॉक्समध्ये येते. पक्ष्यांच्या गटाला ‘नाव+पक्षी’, कॅमेऱ्यांच्या गटाला ‘नाव+कॅमेरा’ असे पत्ते द्यायचे. उद्या ‘कॅमेरा’ जोडलेल्या पत्त्यावर लॉटरीचे पत्र आले, की कोणाकडून पत्ता फुटला हे लगेच समजते आणि त्या शब्दाची सगळी पत्रे थेट कचऱ्यात टाकणारा नियम लावता येतो. मी गेली काही वर्षे हेच करतो.

नभांगण (सोमवार, रात्री १०:५०)

केवडा, ही युक्ती गळती शोधण्यासाठी चांगली आहे, परंतु तिला संरक्षण म्हणता येणार नाही. अधिक चिन्हापासून पुढचा भाग पुसून टाकला, की उरतो तो आपला खरा पत्ता, आणि लाखो पत्त्यांच्या यादीवर हे काम करायला संगणकाला क्षणभरही लागत नाही. शिवाय काही ठिकाणचे नोंदणी अर्ज अधिक चिन्ह असलेला पत्ता ‘अवैध’ म्हणून नाकारतात.

चर्चागटांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती सामील होऊन गेल्यावरच कळते. ज्या गटात ईमेलनेच लिहायचे असते, तिथे आपले पत्र नोंदवलेल्या पत्त्यावरूनच जावे लागते. नोंदणी ‘नाव+पक्षी’ अशी आणि उत्तर साध्या ‘नाव’ पत्त्यावरून, असे झाले तर ते पत्र परत येते किंवा गटचालकांच्या मंजुरीसाठी अडकून पडते. पाठवण्याच्या सेटिंगमध्ये तो जोडपत्ता वेगळा नोंदवून घेतला तरच हे टळते.

उत्तररात्र (मंगळवार, सकाळी ७:१५)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी अनुभवाने बनवले आहे. ईमेल पत्ता ही लपवण्याची वस्तू नाही. लोकांनी आपल्याशी संपर्क साधावा यासाठीच तो असतो. संगणक प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडली. आपण ज्याला स्पॅम म्हणतो त्यात कोणते शब्द वारंवार येतात आणि आपल्या खऱ्या पत्रांत कोणते येतात, यावरून फिल्टर शिकत जातो. आजचे फिल्टर त्याच्याही फार पुढे गेले आहेत. माझा पत्ता वीस वर्षे उघड्यावर आहे आणि माझ्या इनबॉक्समध्ये आठवड्याला दोन-तीन नको असलेली पत्रे येतात. प्रत्येक गटाला वेगळा पत्ता देऊन त्यांचा हिशेब ठेवत बसण्यापेक्षा फिल्टरला ‘हे स्पॅम आहे’ आणि ‘हे स्पॅम नाही’ असे नेमाने सांगत राहावे. खऱ्या पत्रांवर तो दुसरा शिक्का मारायला बहुतेक लोक विसरतात आणि फिल्टर चुकतो तो बहुधा त्यामुळे.

रानवाट (मंगळवार, सकाळी ८:३०)

उत्तररात्र, ‘हे स्पॅम नाही’ हा शिक्का मी खरोखरच कधी मारत नव्हते, तेव्हा ती सूचना मनापासून मान्य. पण माझे नुकसान इनबॉक्समध्ये आलेल्या कचऱ्याने झाले नाही, कचऱ्यात गेलेल्या एका चांगल्या पत्राने झाले. रोज शंभर पत्रे चाळून त्यांत एखादे खरे आहे का हे पाहणे मला शक्य नाही. तीच पत्रे पाच असती तर ते सहकारी बाईंचे पत्र मला त्याच दिवशी दिसले असते.

दीपमाळ (मंगळवार, दुपारी १:२०)

मी गेली अकरा वर्षे एका ईमेल गटाची चालक आहे, म्हणून पत्ते नेमके कुठून फुटतात हे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली जागा म्हणजे सभासद यादी. अनेक गटांत ती सर्व सभासदांना दिसते आणि काही ठिकाणी, चालकाने लक्ष दिले नाही तर, बाहेरच्यांनाही दिसते. सामील होण्याआधी ‘यादी कोणाला दिसते?’ हा प्रश्न चालकांना विचारायला अजिबात संकोच करू नका. बहुतेक प्रणालींत सभासदाला स्वतःचे नाव यादीतून लपवण्याची सोयही असते.

दुसरी जागा म्हणजे जुन्या पत्रांचा संग्रह. आमच्या गटाचा संग्रह पूर्वी सर्वांसाठी खुला होता. पाठवणाऱ्याचा पत्ता प्रणाली झाकत असे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. एकदा एका सभासदाने तक्रार केली म्हणून मी संग्रहातले एक जुने पत्र उघडले. वरच्या ओळीत पत्ता झाकलेला होता, परंतु खाली, उत्तर देणाऱ्याच्या मेल प्रोग्रामने आपोआप घातलेल्या ‘अमुक तारखेला अमुक यांनी लिहिले’ या ओळीत, कोनी कंसात तो पत्ता अक्षरशः जसाच्या तसा उभा होता. त्याखाली तिसऱ्या माणसाचे उत्तर, त्यात दोन पत्ते. चौथ्याच्या उत्तरात तीन. एकाच धाग्यात मी सतरा वेळा तो पत्ता मोजला. पत्ता झाकण्याचे काम प्रणालीने मथळ्यापुरते केले होते आणि मजकूर आम्ही सर्वांनी मिळून उघडा ठेवला होता. त्या रात्री मी संग्रह फक्त सभासदांसाठी केला, पण तोवर त्याच्या प्रती इतरत्र गेलेल्या असणार आणि त्या मला मागे घेता येत नाहीत.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की उत्तर देताना खालचा जुना मजकूर कापा, निदान ती ‘यांनी लिहिले’ची ओळ तरी कापा. आपला पत्ता जपणे जितके आपल्या हाती असते, तितकेच ते इतर सभासदांच्या हाती असते. तसेच स्वाक्षरीत फोन क्रमांक आणि दुसरा ईमेल देण्याची सवय गटात लिहिताना बाजूला ठेवावी.

शिंपला (मंगळवार, दुपारी २:०२)

दीपमाळताई, ‘यांनी लिहिले’च्या ओळीचा विचार कधीच केला नव्हता. आत्ता माझ्या गटाचा संग्रह पाहिला. माझा पत्ता पहिल्याच पानावर चार वेळा आहे.

एकतारी (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

तात्पुरत्या पत्त्यांविषयी सावध करतो. दहा मिनिटांत किंवा काही तासांत नष्ट होणारा पत्ता देणाऱ्या सेवा आहेत आणि एखादी फाइल एकदाच उतरवून घ्यायची असेल तर त्या पुरतात. मी मात्र अशा पत्त्याने एका गटात नोंदणी केली, तिथे तीन वर्षे रमलो आणि मग पासवर्ड विसरलो. नवा पासवर्ड घेण्याचा दुवा जाणार त्या मेलपेटीवर, आणि ती पेटी केव्हाच नाहीशी झालेली. चालकांना माझी ओळख पटवून देण्याचे कोणतेही साधन माझ्याकडे नव्हते, त्यामुळे तीन वर्षांचे लेखन माझे असून माझ्या हाती राहिले नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी, की यांपैकी काही सेवांच्या पेट्या सार्वजनिक असतात. पेटीचे नाव ठाऊक असलेला कोणीही ती उघडून पाहू शकतो, म्हणजेच तो पासवर्ड बदलण्याचा दुवाही वापरू शकतो. जिथे आपण राहणार आहोत, तिथे असा पत्ता देऊ नये.

नभांगण (मंगळवार, रात्री ९:१०)

एकतारींच्या अनुभवावर उपाय म्हणजे टोपणपत्ता. फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन, डकडकगोची ईमेल सेवा, ॲपलची २०२१ मध्ये आलेली ‘हाइड माय ईमेल’ अशा सेवा आपल्याला कशाही जुळवलेल्या अक्षरांचा एक पत्ता बनवून देतात आणि त्यावर आलेले पत्र आपल्या खऱ्या पत्त्याकडे पुढे पाठवतात. अधिक चिन्हाच्या युक्तीत खरा पत्ता पत्त्यातच लिहिलेला असतो, इथे तो कुठेच नसतो. गटाकडून पत्ता फुटला, तर तेवढा एक टोपणपत्ता बंद करायचा. बाकीच्या गटांना त्याचा पत्ताही लागत नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. गटात ईमेलनेच लिहायचे असेल तर त्या टोपणपत्त्यावरून नवे पत्र पाठवता येते का हे पाहावे, कारण काही सेवांत फक्त पत्र येण्याची सोय मोफत असते. आणि ती सेवा उद्या बंद पडली तर आपले सगळे टोपणपत्ते एकदम जातील, म्हणून कोणत्या गटाला कोणता पत्ता दिला याची नोंद पासवर्डच्या वहीत किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावी.

ज्यांना सेवेवर अवलंबून राहायचे नाही, त्यांनी स्वतःचे डोमेन (पत्त्यातले ‘@’ नंतरचे नाव) घेऊन हवे तितके पत्ते बनवावेत. तिथे मात्र ‘कोणत्याही नावाने आलेले पत्र स्वीकारा’ ही सोय सुरू ठेवू नये. स्पॅमवाले शब्दकोशातली नावे एकामागून एक लावून पाहतात आणि अशी सोय असली की प्रत्येक अंदाज बरोबर ठरतो. डोमेनचे नूतनीकरण चुकले, तर ते विकत घेणाऱ्या माणसाकडे आपली पत्रे जाऊ लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

पानगळ (मंगळवार, रात्री ११:३०)

दीपमाळताईंनी सभासद यादीचा उल्लेख केला, त्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. पहिले स्पॅम म्हणून ज्याचा दाखला देतात, ते पत्र ३ मे १९७८ रोजी आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावर, गेले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थर्क यांना नव्या संगणकांची जाहिरात करायची होती आणि ती सुमारे चारशे जणांना गेली. पत्ते कुठून आणले? आर्पानेटच्या वापरकर्त्यांची छापील नामावली होती, तिच्यातून ते हाताने टंकले गेले. म्हणजे या सगळ्या प्रकाराची सुरुवातच सभासद यादीपासून झालेली आहे!

उत्तररात्र, आपल्या ‘पत्ता ही लपवण्याची वस्तू नाही’ या मताशी मात्र मी सहमत नाही आणि त्याला आधार आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये मुद्दाम बनवलेले पत्ते ठिकठिकाणी ठेवून पाहिले, तेव्हा वेबपानांवर आणि न्यूजग्रुपांत (इंटरनेटवरच्या जुन्या सार्वजनिक चर्चागटांत) टाकलेल्या पत्त्यांपैकी ८६ टक्के पत्त्यांवर स्पॅम आले. सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००३ मध्ये अशाच चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्यांत वेबपानावर साध्या रूपात दिलेल्या पत्त्यांवर स्पॅमचा पाऊस पडला आणि थोडेसे झाकून लिहिलेल्या पत्त्यांवर एकही स्पॅम आले नाही. पानावरून पत्ता काढून टाकल्यावर येणारे स्पॅम कमी झाले, असेही त्यांना आढळले. आज पत्ते वेचणारे बॉट अधिक हुशार आहेत आणि ‘ॲट’ हा शब्द लिहून झाकलेला पत्ता ते सहज ओळखतात, तरीही जो पत्ता तिथे नाहीच तो कोणताही बॉट वेचू शकत नाही.

उत्तररात्र (बुधवार, सकाळी ६:५०)

पानगळ, आधार पटला. नव्या गटांसाठी वेगळा पत्ता घेण्याला माझा विरोध मी मागे घेतो. फिल्टरला शिकवत राहा, हे मात्र पुन्हा सांगतो, कारण वेगळा पत्ता घेतला तरी पत्ते केवळ गटांतून फुटत नाहीत. एखाद्या सभासदाच्या संगणकात विषाणू शिरला तर त्याच्या संपर्कयादीतला आपला पत्ताही जातो. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ विषाणू आउटलुकच्या संपर्कयादीतल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवत होता. मोठ्या सेवांतून चोरीला गेलेल्या माहितीत आपला पत्ता आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर पाहता येते. रानवाट, आपण तिथे एकदा अवश्य पाहावे.

शिंपला (बुधवार, सकाळी ९:१५)

स्पॅमच्या पत्राखाली ‘सदस्यत्व रद्द करा’ असा दुवा असतो. तो दाबावा की नाही? दोन्ही प्रकारचे सल्ले ऐकले आहेत.

दीपमाळ (बुधवार, सकाळी १०:४०)

शिंपला, दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण स्वतः जिथे नोंदणी केली होती, त्या ओळखीच्या गटाचा किंवा संस्थेचा दुवा जरूर वापरावा. अनोळखी पत्रातला दुवा दाबू नये, कारण त्यातून ‘हा पत्ता जिवंत आहे आणि इथे कोणीतरी पत्रे वाचते’ एवढीच माहिती पलीकडे पोहोचते. पत्रातली चित्रे आपोआप उघडण्यानेही हेच होते. एका बिंदूएवढे अदृश्य चित्र त्यात असते आणि ते मागवले गेले की पत्र उघडल्याची नोंद होते.

पत्राच्या वरच्या बाजूला मेल सेवेनेच दाखवलेले अनसबस्क्राइबचे बटण मिळत असेल तर ते अधिक बरे. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने प्रचारपत्रे पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे.

ओलांडा (बुधवार, दुपारी १२:३०)

काही लोक गटात लिहिताना मनाने रचलेला खोटा पत्ता देतात. कृपा करून असे करू नये. आपण सहज रचलेले डोमेन खरोखर कोणाचे तरी असू शकते आणि मग आपला कचरा त्या निरपराध माणसाच्या दारात जाऊन पडतो. पत्ता चालणारा नको असेलच, तर शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ वापरावे. १९९९ मध्येच ते नाव अशा कामासाठी राखून ठेवले आहे आणि ते कधीही कोणाला दिले जाणार नाही.

तसेच गटातले टोपणनाव आणि ईमेल पत्त्याचा पहिला भाग एकच ठेवू नये. ‘सोनचाफा८२’ हे नाव दिसले की त्यापुढे तीन-चार प्रसिद्ध मेल सेवांची नावे लावून पाहणे कोणालाही जमते. पत्ता न दाखवणाऱ्या गटातही मग तो उघडाच राहतो.

केवडा (बुधवार, दुपारी १:०५)

ओलांडा, माझे टोपणनाव आणि पत्ता वर्षानुवर्षे एकच होते. आज बदलतो. आणि नभांगण, अधिक चिन्हाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. काल रात्री जुने स्पॅम तपासले, तेव्हा बरीचशी पत्रे पुढचा शब्द गळालेल्या साध्या पत्त्यावरच आलेली दिसली.

रानवाट (गुरुवार, रात्री १०:२०)

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून जे केले ते लिहिते.

नऊपैकी चार गटांत मी वर्षभर काहीच वाचले नव्हते. त्यांतून बाहेर पडले. उरलेल्या पाच गटांत प्रत्येकासाठी एक असे पाच टोपणपत्ते घेऊन नोंदणी बदलली आणि त्यांची यादी पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवली. दोन गटांच्या चालकांना सभासद यादी आणि संग्रह यांविषयी लिहिले; त्यांतल्या एकाने त्याच दिवशी संग्रह सभासदांपुरता केला. पत्रातली चित्रे आपोआप उघडणे बंद केले. कामासाठी एक अगदी नवा पत्ता काढला, तो कोणत्याही गटाला द्यायचा नाही.

आता माझा दुसरा प्रश्न, तो जुना पत्ता. तो बंद करावा असे मनात आहे, पण पंधरा वर्षांची माणसे त्यावर आहेत. म्हणून काल रात्री त्यावर एक आपोआप जाणारे उत्तर लावले, ‘माझा पत्ता बदलला आहे, यापुढे या नव्या पत्त्यावर लिहावे’ असे.

दीपमाळ (गुरुवार, रात्री १०:३१)

रानवाटताई, ते उत्तर आधी काढा, मग पुढचे वाचा. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते जाऊ शकते आणि जे स्पॅम फिल्टरमधून निसटेल त्याच्या पाठवणाऱ्याला आपला कोरा पत्ता आपल्याच हाताने मिळेल. शिवाय त्या पत्रांवरचे पाठवणारे बहुधा खोटे असतात. तुम्हाला तुमच्याच पत्त्यावरून धमकीचे पत्र आले होते ना, तसेच. म्हणजे आपले उत्तर भलत्याच माणसाकडे जाईल.

पत्ता बंदही करू नका. अनेक ठिकाणचे पासवर्ड अजून त्यावर अडकलेले असतील आणि काही सेवा बंद पडलेला पत्ता कालांतराने दुसऱ्या कोणाला देतात. संपर्कयादीतल्या माणसांना नवा पत्ता स्वतः कळवा. सगळ्यांना एकाच पत्रात कळवणार असाल तर त्यांचे पत्ते बीसीसीत (इतरांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात) घाला, नाहीतर प्रत्येकाकडे बाकीच्या सर्वांचे पत्ते जातील. जुन्या पेटीत फक्त ओळखीच्यांची पत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असा नियम लावा आणि तेवढाच फोल्डर आठवड्यातून एकदा पाहा.

रानवाट (गुरुवार, रात्री १०:४४)

काढले. पाठवलेल्या पत्रांत पाहिले, बावीस तासांत ते उत्तर सहा जणांना गेले आहे. त्यांतले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. उरलेल्या चौघांना नवा पत्ता मिळालेला असल्यामुळे आजच आणखी एक नवा पत्ता काढते आणि उद्यापासून ओळखीच्यांना तोच कळवते. सुरुवात त्या सहकारी बाईंपासून करीन.